अवधानाची शहानिशा

ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधानाची याचना केली, आणि पुढे कित्येक शतके कीर्तनकारांनी, पुराणिकांनी व पंतोजींनी आपापल्या आसनावरून तीच याचना चालू ठेवली. परंतु मागितलेले देण्याची इच्छा असूनही ज्याला ते देता येत नाही अशा श्रोत्याचे काय करावे, हा प्रश्न वैद्याकडे न्यावयाचा असतो ही कल्पना त्या दीर्घ काळात रुजली नव्हती. शाळेत चुळबुळ करणाऱ्याचा निकाल छडीने लागे, आणि घरातला असा पोर व्रात्य, उनाड किंवा वेंधळा यांपैकी एखादा शेरा जन्मभर वागवी. आज त्याच मुलाला घेऊन आईबाप मानसोपचारतज्ज्ञाच्या दालनात जातात, एडीएचडी ही चार अक्षरे त्यांनी अगोदरच कोठेतरी ऐकलेली असतात, आणि तेथे गेल्यावर त्यांना पहिले आश्चर्य वाटते ते हे की, या तपासणीत रक्त काढले जात नाही, क्ष-किरणांचे छायाचित्र घेतले जात नाही, मेंदूचा आलेखही सहसा मागविला जात नाही. मुलाशी बोलणे होते, आईला गर्भारपणापासूनचा वृत्तान्त विचारला जातो, शिक्षकांकडे छापील प्रश्नावली धाडली जाते, बुद्धिमापनाच्या एकदोन बैठका होतात, आणि या सर्व कागदांवरून निवाडा दिला जातो. हे निदान साक्षीवर उभे आहे. म्हणून त्याचा इतिहास लिहावयाचा तर तो साक्षीदारांचा इतिहास म्हणूनच लिहावा लागतो: कोणाच्या जबानीला केव्हा किती वजन मिळाले, आणि कोणाला बोलाविलेच गेले नाही.

या इतिहासातील पहिली दोन नावे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. मेल्खिओर आदाम वायकार्ड या जर्मन वैद्याने १७७५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अवधानाच्या उणिवेवर एक स्वतंत्र प्रकरण घातले, तिचा दोष बऱ्याच अंशी सैल संगोपनाकडे दिला, आणि उपाय म्हणून आंबट दुधापासून घोडेस्वारीपर्यंत नाना प्रकार सुचविले. त्याच्यानंतर १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने, जो पुढे रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याचा राजवैद्य झाला, मनोविकारांवरील आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात अवधान आणि त्याचे विकार यांचा विचार केला. आणि त्यात जे लिहिले ते आजच्या वाचकाला चकित करील इतके नेमके आहे. कोणत्याही एका विषयावर चित्त स्थिर न राहणे हे जन्मजात असू शकते अथवा आजारातून उद्भवू शकते, जन्मजात असल्यास ते फार लहानपणी दिसू लागते व शिक्षणात अडथळा आणते, तथापि त्यामुळे शिक्षण अगदीच अशक्य होते असे क्वचित घडते, आणि वयाबरोबर ते बहुधा ओसरते, असे त्याचे म्हणणे होते. या दोघांच्या लेखनात एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. त्यांचा विषय केवळ मूल हा नव्हता. दरवाजा एकाएकी बंद होणे, खोलीतली ये-जा, प्रकाशाचा कमीजास्तपणा यांनी बेचैन होणारी प्रौढ माणसेही क्रायटनने पाहिली होती, आणि आपल्या अस्वस्थतेला ती माणसे स्वतः काय म्हणतात हेही त्याने नोंदविले होते. म्हणजे प्रारंभी साक्षीदार दोनच होते, एक वैद्य आणि दुसरा खुद्द रुग्ण. त्यांपैकी दुसऱ्याला पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कोणी विचारले नाही.

ते असे का झाले याचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत शोधून सापडावयाचे नाही. ते शिक्षणाच्या कायद्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८४५ साली, फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांनी आपल्या लहानग्या मुलासाठी रचलेले सचित्र पद्यांचे पुस्तक छापले गेले, आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांत जेवणाच्या मेजावर खुर्ची झुलवीत अखेर मेजावरच्या वस्त्रासकट खाली कोसळणारा फिलिप अवतरला. आज एडीएचडीच्या प्रत्येक इतिहासात त्या फिलिपला मानाचे पान मिळते, परंतु त्याची चुळबुळ घरातली होती आणि तिचा न्याय घरातच झाला. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांचे जाळे विणले गेले व १८८० साली हजेरी सक्तीची झाली, फ्रान्समध्ये १८८२ साली तीच सक्ती आली, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ साली ती सर्व संस्थानाला लागू केली, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. लोककल्याणाच्या या थोर कृत्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, शेतात, बाजारात अथवा कारखान्यात ज्याची चळवळ कोणाला खुपत नव्हती तो मुलगा प्रथमच चार भिंतींच्या आत, समवयस्कांच्या रांगेत, ठरल्या घटकेपर्यंत बसविला गेला, आणि रांगेत बसविल्यामुळेच तो इतरांहून वेगळा दिसू लागला. शिक्षक नावाचा तिसरा साक्षीदार त्या दिवशी निर्माण झाला.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञाने दिलेली तीन व्याख्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापली गेली, ती या नव्या परिस्थितीचेच अपत्य होत. स्टिलपाशी ४३ मुलांच्या नोंदी होत्या. त्यांतील २० मुलांची बुद्धी त्याच्या मते शाबूत होती, आणि त्या २० पैकी १५ मुलगे व ५ मुली होत्या. खेळातसुद्धा फार वेळ लक्ष न लागणारा सहा वर्षांचा मुलगा त्याने वर्णिला आहे, शिक्षा झाल्यावर काही तासांतच तोच अपराध पुन्हा करणारी मुले वर्णिली आहेत, आणि या सर्वांत नैतिक नियंत्रणाची उणीव आहे असा निष्कर्ष काढला आहे. नीतीची ही परिभाषा आज आपल्याला कठोर वाटेल. परंतु तिच्या पोटात एक मोठी सहृदयता होती, कारण मुलाचे वाईट वागणे हे वाईट संगोपनाचे फळ असलेच पाहिजे हा समज बाजूला सारून स्टिलने त्याला शरीरातील कारण असू शकते असे प्रतिष्ठित वैद्यसभेपुढे सांगितले. मात्र त्याच्या नोंदींत मुलगे मुलींच्या तिप्पट असल्यामुळे, आणि उपद्रव देणारे मूलच दवाखान्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे, खिडकीबाहेर पाहत निमूट बसणारी मुलगी या विकाराच्या चित्रात शिरलीच नाही. आणि चित्रातली ती रिकामी जागा पुढील पाऊणशे वर्षे कोणाच्या नजरेस आली नाही.

शिक्षकाची साक्ष मिळाली, पण ती निर्मळ होती असे म्हणता येत नाही. फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्याने १९०४ साली नेमलेल्या आयोगापुढे प्रश्न होता तो सामान्य वर्गात न टिकणाऱ्या मुलांची निवड कशी करावी हा. आणि आयोगाचा सभासद आल्फ्रेड बिने याला भय होते ते हे की, त्रासदायक विद्यार्थ्यापासून सुटका करून घेण्यासाठी शिक्षक त्याला मंदबुद्धी ठरवून मोकळा होईल. १९०५ साली त्याने थिओदोर सिमॉनसह तीस प्रश्नांची जी बुद्धिमापनश्रेणी रचली तिचा एक हेतू शिक्षकाच्या शब्दाची खातरजमा करणे हाच होता, आणि दोन वर्षांनी या दोघांनी लिहिलेल्या ग्रंथात मतिमंद मुले आणि अस्थिर मुले असे दोन वर्ग स्पष्टपणे निराळे केलेले आहेत. बुद्धी एक, स्थैर्य दुसरे, हा भेद ज्या दिवशी मोजमापाने दाखविता येऊ लागला त्या दिवशी आजच्या मूल्यमापनाचा पाया घातला गेला. आपल्याकडे ही श्रेणी मराठीत यावयास फार विलंब लागला नाही. व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी भाषक मुलांसाठी बिने-श्रेणीचे संस्करण केले, त्याविषयीचा त्यांचा निबंध १९३४ साली इंग्लंडातील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आणि ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. आणि बिने-कामत या जोडनावाने ती कसोटी आजही वापरात आहे. पुढे नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या बुद्धिमापनश्रेणीचे भारतीय रूप १९६९ साली सिद्ध केले. शब्दसंग्रहात तल्लख, परंतु अंक लक्षात ठेवून उलट म्हणण्यात अडखळणारे मूल असे उपकसोट्यांच्या गुणांतून दिसू लागले. अशा गुणांनी निदान सिद्ध होत नाही. परंतु मूल "ढ" आहे हा शेरा खोडून काढण्यास ते पुरतात, आणि मराठी शाळेच्या इतिहासात ही सेवा लहान नव्हे.

घराची साक्ष रीतसर घेण्याची पद्धत अमेरिकेतून आली. शिकागोमध्ये विल्यम हीली याने १९०९ साली बालगुन्हेगारांसाठी जी संस्था काढली तिच्यातून बालमार्गदर्शनाची चळवळ वाढली, आणि मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करावा, हा तिचा शिरस्ता झाला. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने दुसऱ्याच वर्षी असे केंद्र उघडले. समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन पाहावयाचे, किती माणसे किती खणांत राहतात, बाप कोणत्या पाळीला कामावर जातो, मूल कोठे निजते, अभ्यासाला कोठे बसते, याची नोंद करावयाची, आणि ती दप्तरी दाखल झाल्यावर तिघांनी एकत्र बसून विचारविनिमय करावयाचा, ही त्या पद्धतीची रीत होती. मुलाचे चित्त थाऱ्यावर नसण्याची पुष्कळ कारणे त्याच्या मस्तकाबाहेर असतात. अपुरी झोप, कमी ऐकू येणे, घरातील धास्ती, उपासमार, यांतील प्रत्येक गोष्ट अवधानाचा नाश करू शकते. आणि आजही चांगला तज्ज्ञ प्रश्नावली हाती घेण्यापूर्वी कान व डोळे तपासून घेतो आणि झोपेची चौकशी करतो, ती याच परंपरेला धरून.

परंतु याच सुमारास वैद्यकाचा ओढा माणसांच्या साक्षीकडून मेंदूच्या साक्षीकडे वळला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात व अमेरिकेत मेंदूज्वराची जी चमत्कारिक साथ पसरली, व्हिएन्नाच्या कॉन्स्टान्टिन फॉन एकोनोमो याने १९१७ साली जिचे वर्णन केले, तिच्यातून वाचलेली कितीएक मुले पूर्वीची शांत वृत्ती गमावून बसली आणि अनावर, अस्थिर व बेफिकीर झाली. मेंदूला इजा झाल्याने असे वर्तन उत्पन्न होते हे डोळ्यांसमोर घडले होते. त्यावरून उलटे अनुमान काढण्याचा मोह, की जेथे असे वर्तन दिसेल तेथे मेंदूला इजा झालेली असलीच पाहिजे, अनेकांना आवरला नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील फ्रांत्स क्रामर आणि हान्स पोलनोव्ह यांनी मात्र १९३२ साली अशा साथीचा स्पर्श नसलेल्या मुलांतही अतिचंचलतेचा स्वतंत्र विकार असतो असे दाखविले: तीनचार वर्षांच्या वयात त्याचा आरंभ होतो, सहाव्या वर्षी तो कळसाला पोहोचतो आणि नंतर उतरणीला लागतो. दोघेही ज्यू वंशाचे होते. दुसऱ्याच वर्षी हिटलरची राजवट आली, पोलनोव्ह फ्रान्सला निघून गेला आणि १९४३ साली माउटहाउझेनच्या छळछावणीत मारला गेला, क्रामरला १९३८ साली हॉलंडचा आश्रय घ्यावा लागला. त्यांचे संशोधन कित्येक दशके विस्मृतीत गेले.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, मेंदूज्वराने पंगू झालेल्या आपल्या एम्मा या कन्येच्या स्मरणार्थ एका धनिक कुटुंबाने दिलेल्या देणगीतून १९३१ साली मुलांचे एक मनोरुग्णालय उघडले होते, आणि त्याच कुटुंबातील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली तेथे काम करीत होते. पाठीच्या कण्यातील द्रव काढून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरावयाची आणि मग क्ष-किरणांनी छायाचित्र घ्यावयाचे, अशी त्या काळची क्लेशकारक तपासणी होती, आणि तिच्यानंतर मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी विशेष थांबली नाही; परंतु रुग्णालयाच्या शाळेतील शिक्षकांनी कळविले की, काही मुले एकाएकी गणिते सोडवू लागली आहेत. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ३० मुलांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाल्याची नोंद आहे, आणि मुलांनीच त्या औषधाला अंकगणिताच्या गोळ्या असे नाव ठेवले होते. मेंदूची साक्ष काढण्यासाठी केलेल्या खटपटीतून हाती काय लागले, तर शिक्षकाचा शब्द आणि मुलांचा शब्द! यंत्राने दाखविलेल्या छायाचित्रांतून या विकाराविषयी काहीच निष्पन्न झाले नव्हते.

तरीही मेंदूच्या इजेचे अनुमान तीस वर्षे टिकले. इजा दिसत नाही म्हणून ती अल्प आहे असे म्हणावयाचे, आणि वर्तनावरून तिचे अस्तित्व सिद्ध धरावयाचे, असा तो चक्राकार युक्तिवाद होता. ऑक्सफर्ड येथे जमलेल्या बालमज्जातंतुतज्ज्ञांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत इजा हा शब्द टाकून बिघाड या सौम्य शब्दाचा पुरस्कार केला, आणि १९६६ साली अमेरिकेतील सरकारी कृतिगटाने या बिघाडाची जी लक्षणे गोळा केली त्यांची संख्या ९९ भरली. नव्याण्णव लक्षणांची यादी हाती असल्यावर कोणते मूल निर्दोष सुटणार? व्याख्या इतकी सैल झाली की तिच्यात सर्व मावू लागले, आणि म्हणून ती निरुपयोगी ठरली.

मधल्या काळात औषध बाजारात आले होते. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील लेआंद्रो पानिझोन याने १९४४ साली मेथिलफेनिडेट तयार केले आणि आपल्या पत्नीच्या रिटा या लाडक्या नावावरून त्याचे नाव रिटालिन ठेवले. त्याचा मुलांवरील परिणाम मोजण्यासाठी मापाची गरज होती. ती कीथ कॉनर्स या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली शिक्षकांसाठी ३९ विधानांची श्रेणी करून भागविली. हे मूल सतत हालचाल करते काय, काम अपुरे टाकते काय, इतरांच्या कामात व्यत्यय आणते काय, अशा प्रत्येक विधानापुढे शिक्षकाने मुळीच नाही पासून फारच पर्यंतच्या चार पायऱ्यांपैकी एकीवर खूण करावयाची. ही प्रश्नावली औषधाचा गुण पाहण्यासाठी जन्मली होती, परंतु तिच्या घराण्यातील प्रश्नावल्या लवकरच निदानाच्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. शिक्षकाची तोंडी तक्रार आता अंकांत लिहिली जाऊ लागली, आणि अंकांना तक्रारीहून अधिक मान मिळतो हे सांगावयास नको. १९७० साली ओमाहा शहरात शाळकरी मुलांना वर्तनसुधारणेची औषधे दिली जात असल्याची बातमी वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रात झळकली आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी झाली. शाळेच्या सोयीसाठी मुलाला रोगी ठरविले जाते काय, हा बिनेच्या मनातला जुना संशय पुन्हा जागा झाला होता.

या कोंडीतून वाट काढली ती मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस यांनी. चंचल मुलांचा खरा प्रश्न हातापायांच्या हालचालींचा नाही, तर चित्त टिकवून धरण्याचा आणि मनात आलेली ऊर्मी रोखण्याचा आहे, हे त्यांनी १९७२ च्या सुमारास प्रयोगांनी मांडले. आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानसंहितेची तिसरी आवृत्ती काढली तेव्हा अवधानाची उणीव हीच व्याख्येचा गाभा झाली, अतिचंचलता तिच्यासह असेल अथवा नसेल. या "अथवा नसेल" मुळे निमूट बसणारी मुलगी प्रथमच निदानाच्या कक्षेत आली. १९८७ साली १४ लक्षणांपैकी ८ असा एकच हिशोब ठरला, आणि १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत अवधानाची ९ व चंचलता-आवेगाची ९ अशा दोन याद्या होऊन कोणत्याही एका यादीतील ६ लक्षणे सहा महिने टिकली पाहिजेत असे कलम आले. पण या आकड्यांहून अधिक मोलाची कलमे पुढची होती: लक्षणांचा आरंभ बालपणातला असावा, त्यांचा उपद्रव एकाहून अधिक ठिकाणी दिसावा, आणि दुसऱ्या एखाद्या विकाराने त्यांचा उलगडा अधिक चांगला होत नसावा. केवळ शाळेची तक्रार पुरेशी नाही, केवळ घराचीही नाही. दोन ठिकाणच्या जबान्या जुळल्या पाहिजेत, आणि न जुळल्यास त्या का जुळत नाहीत याचा शोध घेतला पाहिजे. साक्षीपुराव्याच्या शास्त्रात जे तत्त्व न्यायाधीशाला प्राचीन काळापासून ठाऊक होते, ते या संहितेने वैद्याच्या हाती दिले.

प्रौढांची कथा याच कलमांतून उलगडते. चंचल मूल वयाबरोबर निवळते हा क्रायटनच्या काळापासूनचा समज मॉन्ट्रियलच्याच गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी त्या मुलांचा तारुण्यापर्यंत पाठपुरावा करून पुष्कळ अंशी खोटा ठरविला. उतरते ते धावणे आणि चढणे, उरते ते विसरणे, लांबणीवर टाकणे आणि अर्धवट सोडणे. यूटा विद्यापीठातील पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रौढांवरील औषधोपचाराचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा चाळिशीच्या गृहस्थाचे निदान करावयाचे तर त्याचे बालपण कोठून आणावयाचे, ही अडचण पुढे आली. वेंडर यांनी तिच्यावर दोन तोडगे काढले. एक, त्या गृहस्थाच्या आईकडून त्याच्या सहा ते दहा वर्षांच्या वयातील वागणुकीची प्रश्नावली भरून घ्यावयाची. आणि दुसरा, स्वतः त्यालाच आपले बालपण आठवून ६१ प्रश्नांची उत्तरे द्यावयास लावावयाचे. ही दुसरी प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. पुढे २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने प्रौढांसाठी १८ प्रश्नांची आत्मनिवेदनाची यादी निघाली, जिच्यातील पहिले सहा प्रश्न चाळणीचे काम करतात. आणि अमेरिकन निदानसंहितेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने आरंभवयाची मर्यादा सातवरून बारावर नेली व सतरा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला सहाऐवजी पाच लक्षणे पुरतील असे ठरविले. अशा रीतीने १७९८ साली ज्याचे म्हणणे ऐकले गेले होते तो रुग्ण पुन्हा साक्षीला उभा राहिला. त्याची साक्षही बिनतोड नाही, कारण स्मृती दगा देते, आणि ज्याला आपल्या अपयशाचा खुलासा हवा आहे तो भूतकाळ त्या खुलाशाच्या नजरेने वाचतो. म्हणून तज्ज्ञ त्याच्यापाशी जुनी प्रगतिपुस्तके मागतो. "हुशार आहे पण लक्ष देत नाही" हा वर्गशिक्षकाने तीस वर्षांपूर्वी घाईने लिहिलेला शेरा, जो त्या वेळी केवळ बापाची बोलणी खाण्यास कारण झाला होता, तोच आज उत्तम दस्तऐवज ठरतो.

यंत्राची हाव अद्याप सुटलेली नाही. १९९० साली ॲलन झॅमेटकिन यांनी बालपणापासून चंचल असलेल्या २५ प्रौढांच्या मेंदूतील साखरेचा विनियोग कमी असल्याचे दाखविले तेव्हा आता तपासणी प्रयोगशाळेत होणार अशी आशा पल्लवित झाली, आणि २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेंदूतील विद्युल्लहरींचे गुणोत्तर मोजणाऱ्या एका उपकरणाला मंजुरीही दिली. परंतु ती दिली ती तज्ज्ञाच्या संपूर्ण तपासणीला साहाय्य म्हणून, तिच्या जागी नव्हे. समूहासमूहांतील फरक दाखविणारे चित्र समोर बसलेल्या एका मुलाविषयी निर्णय देण्यास पुरेसे पडत नाही, हा धडा अर्धशतकात वारंवार शिकावा लागला आहे.

महाराष्ट्रात या तपासणीची वाट बहुतेकांना शाळेच्या परीक्षेमुळे सापडली. १९९६ पासून राज्यात अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिक वेळ आणि इतर सवलती मिळू लागल्या, त्यासाठी दाखला आवश्यक झाला, आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतील अध्ययन-अक्षमता केंद्रांकडे पालकांची रीघ लागली; तेथे वाचन-लेखनाच्या अडचणीची शहानिशा होत असताना अनेकांची अवधानाची अडचणही उघडकीस आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही, त्यामुळे पालकांचा ओढा दाखला देणाऱ्या निदानाकडे अधिक असणे स्वाभाविक आहे. परंतु दाखला हे मूल्यमापनाचे साध्य समजले गेले की मूल्यमापन बिघडते. मुलाला कोठे बसवावे, काम किती तुकड्यांत द्यावे, औषधाचा उपयोग होईल काय, घरात कोणी काय बदलावे, प्रौढ असल्यास नोकरीत कोणता मार्ग धरावा, या प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नाहीत तो अहवाल कितीही शिक्कामोर्तबाचा असला तरी अपुराच म्हटला पाहिजे.

वायकार्डपासून आजपर्यंतच्या या अडीच शतकांचा हिशोब मांडला तर असे दिसते की, निदान चुकले ते बहुधा साक्षीदार एकटा होता तेव्हा. एकट्या वैद्याने नीतीचा दोष पाहिला, एकट्या शिक्षकाने शिस्तीचा, एकट्या प्रयोगशाळेने न दिसणाऱ्या इजेचा. आणि मूल अथवा प्रौढ खऱ्या अर्थाने समजला तो अनेकांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून, त्यांतील विसंगतीला न भिता, कोणीतरी सावकाश वाचले तेव्हा. म्हणून या तपासणीचा दर्जा तज्ज्ञाच्या दालनात जितका ठरतो तितकाच त्या दालनाबाहेर ठरतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा असे प्रमाण घातले आहे. ते प्रमाण जेथे पाळले जाते तेथील शिक्षक प्रश्नावलीपुढे बसून त्या मुलाचा चेहरा, त्याचा आवाज, त्याची वही आठवू शकेल; जेथे पाळले जात नाही तेथे तो हजेरीपटावरच्या एका क्रमांकाविषयी अंदाजाने खुणा करील, आणि त्या खुणांवर उभारलेले निदान, मग ते होकाराचे असो वा नकाराचे, ऐकीव माहितीच्या पलीकडे जाणार नाही.